न दुखणारा पाय

माझ्यासमोर माणूस बसला की पाच मिनिटांत त्याची मान दुखायला लागते. लग्न असो, मयत असो, सेलूचा बसथांबा असो, कुठेही. "तुम्ही मालीशवाले वसंतभाऊ ना?" म्हणत माणूस पाठ फिरवतो आणि खांदा पुढे करतो. पंगतीत हातात पुरी धरून मी लोकांचे खांदे चाचपले आहेत. बायको शेजारून कोपर मारते, तरीही.

वर्ध्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात मी तीस वर्षं मालीश केली. निवृत्त झाल्यावर सेलूला घरच्या ओसरीवर रविवारी लोक यायला लागले. सध्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "भाऊ, कोणती मालीश घेऊ?" पूर्वी हा प्रश्न नव्हता. मालीश म्हणजे मालीश. आता वर्ध्यात काचेच्या दाराचं दुकान निघालं आहे. पुतण्यानं तिथलं कार्ड आणून दाखवलं. चौदा प्रकार. एक स्वीडनची, एक थायलंडची, एक गरम दगडांची, एक पोटलीची. पुतण्या म्हणाला, "काका, यातल्या किती येतात तुम्हाले?" मी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि म्हटलं, "येतात बऱ्याच. नावं येत नव्हती."

खरं सांगायचं तर हाताला जमणारी कामं मोजकीच आहेत. तेल लावून लांब लांब हात फिरवायचा, हा पहिला प्रकार. झोप न येणारा, डोकं तापलेला, म्हातारा, अशक्त माणूस असेल तर एवढंच पुरतं. कणीक मळावी तसं मांस मळायचं, हा दुसरा. पोती उचलणारे हमाल, कापसाची गाठोडी वाहणारे, यांच्या खांद्यांना ते लागतं. अंगठ्यानं एका जागी दाबून धरायचं, ते गाठीसाठी. थोपटायचं ते आखडलेल्या पाठीला. आणि तेल न लावता खरखरीत पंच्यानं घासायचं, ते सुस्त, जड अंगाच्या माणसाला, सकाळच्या वेळी. उरलेलं सगळं यांच्याच भेळीतून तयार होतं.

पण माणूस प्रकार सांगत नाही, तो फक्त जोर सांगतो. कारंजा घाडग्याच्या एका ढाब्यावर कायम मुक्काम असलेला एक ट्रकचालक आमच्या केंद्रात आला होता. मान फिरत नव्हती. पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "भाऊ, रगडा बापा मले. हड्डी वाजली पायजे." त्याचं अंग लाकडासारखं आखडलेलं. अशा अंगाला जोर लावला की ते उलट आणखी आखडतं. मी नुसतं कोमट तेल घेऊन हलक्या हातानं पाठीवरून वर-खाली फिरवत राहिलो. दहाव्या मिनिटाला तो घोरायला लागला. उठल्यावर भांडायला उठला, "तुम्ही तं काहीच केलं नाई जी! मी झोपलो अन् तुम्ही टाइम पास केला." तावातावानं बोलताना तो दाराकडे पाहत होता, भिंतीकडे पाहत होता. मान चांगली फिरत होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मीही सांगितलं नाही.

मागणाऱ्यानं जोर मागायचा आणि देणाऱ्यानं अंग पाहून ठरवायचं, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. आमच्यात अजून एक प्रकार होता, तो कुठल्याच कार्डावर सापडणार नाही. त्याला आम्ही 'हात न लावायची मालीश' म्हणायचो. अंगात ताप असेल, एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, नुकताच मार लागला असेल, साखरेच्या माणसाच्या पायाची तक्रार असेल, तर माणसाला पाणी पाजायचं, दोन शब्द बोलायचे आणि डॉक्टरकडे पाठवायचं. मोठ्या ऐटीत शिकवायचो मी हे.

आता ज्यासाठी हे सांगायला बसलो, त्या काशाच्या वाटीकडे येतो. काशाची वाटी बऱ्याच घरांत असायची. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीची पाठ गोल गोल घासायची. अर्ध्या तासात तळवा काळा पडतो आणि लोक म्हणतात, बघा, उष्णता निघाली! डोळ्यांची आग, तळपायाची आग, झोप नसणं, सगळ्यावर वाटी. केंद्रात आम्ही ती वापरत नव्हतो. घरी मात्र लोक तीच मागायचे, म्हणून मी आजीची वाटी काढली. छान वाटतं तिनं, यात खोटं काही नाही. पण काळ्या रंगाचं म्हणाल, तर एका दुपारी मी रिकामा बसलो असताना लाकडी पाटाला तूप लावून वाटी घासून पाहिली. पाटही काळपट झाला. आता पाटाच्या अंगात कुठली उष्णता? तो रंग वाटीच्या धातूचा. हे मला समजलं होतं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. काळं निघालं की माणूस खूश होऊन जायचा. त्याचा आनंद कशाला घालवा, असं मी मनाशी म्हणायचो. माझंही नाव होत होतं, हे मात्र मनाशी म्हणत नव्हतो.

पुंडलिकभाऊ आले ते या वाटीसाठीच. केळझरला गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं नारळ-फुलांचं दुकान. वयानं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, बोलायला गोड, कुणाला नाही म्हणणं ठाऊक नाही. देवाच्या वस्तूला चप्पल घालून हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे दिवसभर दुकानात अनवाणी. त्यांच्या तळपायांची आग होत होती. झोपताना पाय फरशीवर टेकवून झोपायचे, त्यांची बायको शांताबाई ओलं फडकं गुंडाळून द्यायची.

"साखर आहे का?" मी विचारलं होतं. विचारलं नव्हतं असं नाही.

"हाये थोडीशी. गोळी घेतो मी कधी कधी."

'थोडीशी' आणि 'कधी कधी', हे दोन शब्द मी ऐकले आणि वाटी हातात घेतली. त्या दिवशी मी शिकवत असलेला धडा माझ्यासमोर येऊन बसला होता आणि मी त्याला ओळख दिली नाही.

दर रविवारी ते सेलूला यायचे. पहिले दोन महिने काही फरक नव्हता. मग आग कमी झाली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तसं हळूहळू जात होतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात एका रविवारी ते हार घेऊन आले आणि काही कळायच्या आत माझ्या गळ्यात घातला.

"गेली भाऊ आग! पुरी गेली. आता पाय हायेत का नाई हेबी समजत नाई, इतके थंडे."

मी हसलो. ओसरीवर बसलेले सगळे हसले. त्या वाक्यावर मी हसलो, हे मी विसरलेलो नाही.

त्यांनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येक भाविकाला माझं नाव सांगितलं. नारळ देता देता सांगायचे म्हणे, "देव वर हाये, पण पायाचं असन तं सेलूले वसंतभाऊकडे जाजो." केळझरहून लोक आले, नागपूरहून गाडी करून आले. ओसरीसमोर चपलांची रांग लागायला लागली. केंद्रात तीस वर्षं काढली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता बायको चहाची भांडी मोठी काढायला लागली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. पुंडलिकभाऊंचा पाय हा माझ्या कामाचा सगळ्यात मोठा दाखला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगत होतो.

एकदा ते अंगणातून ओसरीवर आले तेव्हा उजव्या पायातली चप्पल मागे फाटकापाशीच निघून पडली होती. ते तसेच चालत आले. "पुंडलिकभाऊ, चप्पल?" मी म्हटलं. त्यांनी खाली पाहिलं, "अरे, हो का!" पुन्हा सगळे हसलो. चप्पल गेलेली पायाला कळली नाही, आणि मला त्यात फक्त गंमत दिसली.

चतुर्थीच्या आधीचा तो रविवार. टेकडीवर गर्दी व्हायची होती, त्यांना लवकर परतायचं होतं. ओसरीवर चौघं थांबलेले. उजव्या तळव्याला वाटी लावून मला बराच वेळ झाला होता.

"आज काळं नाई निघून राह्यलं," ते वाकून बघत म्हणाले. "जोरात घ्या जी. आता चतुर्थीले दिवसभर उभं राहाचं हाये."

मी जोर केला. "लागतंय का?"

"बिलकुल नाई."

आणखी जोर केला. "आता?"

"नाई जी. घ्या तुम्ही."

वाटीच्या बुडाची कड जुनी होऊन एका जागी खरबरीत झाली होती, हे मला माहीत होतं. दुखणारा माणूस 'आई गं' म्हणतो आणि आपला हात थांबतो. जगातल्या सगळ्या मालीशींचा लगाम त्या 'आई गं'मध्ये असतो. इथे लगामच नव्हता. शेवटी तळवा चांगला काळा झाला. त्या काळ्या तुपाखाली अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली गेली होती, ती मला दिसली नाही. फडक्यानं वरवर पुसून मी म्हटलं, "झालं. पुढचे या."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. गर्दीमुळे असेल असं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी शांताबाईंचा फोन आला. त्या एरवी माझ्याशी फार बोलत नसत.

"वसंतभाऊ, यायले वर्ध्याले दवाखान्यात भरती केलं. पाय काळा पडला."

मी विचारू नये ते विचारलं, "काळा म्हणजे?"

"या वखतचं काळं पुसल्या जात नाई, भाऊ."

मी गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्या खाटेपाशी होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी सावकाश, शाळेत सांगतात तसं. साखर वाढलेली राहिली की पायातल्या नसा खराब होतात. खराब होताना आधी आग होते, मुंग्या येतात. नंतर पाय बधिर होतो आणि आग थांबते. "बऱ्याच लोकांना वाटतं की बरं झालं," त्या म्हणाल्या. "आणि त्याच वेळी खरा धोका सुरू होतो. काही टोचलं, भाजलं, तरी कळत नाही."

माझ्या गळ्यात हार पडला होता, तो पाय बधिर झाल्याचा. पाय बरा झाला नव्हता, पायाची वाचा गेली होती. आणि मी तो दाखला म्हणून गावभर मिरवत होतो.

डॉक्टरीणबाईंनी पुंडलिकभाऊंना विचारलं, "नेमकं काय लागलं होतं, काका?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नारळाची करवंटी लागली जी. दुकानात पडून राह्यते."

त्यांना कळलेलंच नाही, असं मला वाटलं. तोंड उघडून सांगायला पाहिजे होतं, वाटी माझी, हात माझा. त्याऐवजी मी पाण्याची बाटली भरून आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि बराच वेळ नळापाशी उभा राहिलो. दोन दिवसांनी त्यांचं उजवं पाऊल अर्धं काढावं लागलं.

मी रविवार बंद केले. लोकांना सांगितलं, माझाच हात दुखतो. ते खरं वाटण्यासारखं वय होतंच. दोन महिने असे गेले. मग एक दिवस न राहवून केळझरची बस धरली. दुकान उघडं होतं. शांताबाई नारळ लावत होत्या आणि पुंडलिकभाऊ मागच्या खोलीत खाटेवर बसून फुलवाती वळत होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "या या! अवं, चहा मांड, वसंतभाऊ आले." शांताबाई उठल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी चहाची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "पुंडलिकभाऊ, करवंटी नव्हती ती. माझ्या वाटीनं लागलं तुम्हाला. मी जोर केला. नंतर नीट पाहिलंही नाही. तुमचा पाय माझ्यामुळे गेला."

ते वाती वळत राहिले. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"त्याच दिवशी समजलं. घरी आलो, फरशीवर रगताचे ठपके. हिनं पाह्यले. पायात काहीच नाई, दुखणं नाई, अन् अंगठ्याखालची पुरी कातडी सोललेली."

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

त्यांनी पुढची वात वळायला घेतली. उत्तर दारातून आलं. शांताबाई चहाचे कप हातात धरून उभ्या होत्या.

"मी मनलं, चाला डॉक्टरकडे. तं मने, डॉक्टर विचारन कायनं झालं, मंग वसंतभाऊचं नाव निघन. इतके लोक येऊन राह्यले त्यायच्याकडे, एकाच्या पायी त्यायचा हात बदनाम काऊन करू? हळद भरली, फडकं बांधलं, अन् चतुर्थीले दिवसभर उभे. पंधरा दिवस! वास आला तवा मी ऐकलं नाई, गाडी बोलावली." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "तुमचं नाव राह्यलं, भाऊ. यायचा पाय गेला."

"शांते," पुंडलिकभाऊ म्हणाले, "पाहुणा हाये तो."

"पाहुणा हाये मनून तं चहा देल्ला."

तो चहा मी प्यालो. नको म्हणण्याचा हक्क मला नव्हता. ज्या माणसाच्या पायाला 'दुखतंय' म्हणणं जमत नव्हतं, त्याला ते तोंडानंही जमलं नाही, आणि कारण काय, तर मला वाईट वाटू नये. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सांगितलं होतं, लवकर आणलं असतं तर पाय कदाचित वाचला असता. माझी वाटी एकदाच लागली. पुढचे पंधरा दिवस त्यांना त्यांच्या भलेपणानं मारलं. पण तो भलेपणा माझ्यासाठी होता, म्हणजे त्याचा हिशेबही माझ्याकडेच येतो.

निघताना मी शांताबाईंना म्हटलं, "डावा पाय बधिर होत चाललाय का, हे बघत राहायला हवं. तुम्हाला दुकान असतं. मी दर रविवारी येत जाईन. मालीश करणार नाही. फक्त पाहीन."

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "चष्मा घेऊन येजा."

ओसरीवर आता शनिवारी बसतो. कुणी विचारलं, कोणती मालीश घेऊ, तर मी आधी प्रश्नच विचारतो. साखर आहे का, किती आहे, कधी तपासली, 'थोडीशी' नको, आकडा सांगा. पायाखाली खडा आला तर कळतो का? लोकांना हे आवडत नाही. एक गृहस्थ म्हणाले, "मालीश करता का पोलीस ठाणं चालवता?" त्यांना काचेच्या दाराचं दुकान दाखवून दिलं. मात्र ज्यांचे पाय आधी जळत होते आणि आता 'आपोआप' थंड झाले, अशा तिघांना मी हात न लावता दवाखान्यात पाठवलं. तिघंही माझ्यावर रागावून गेले. रागावू देत.

गेल्या रविवारी केळझरला गेलो होतो. पुंडलिकभाऊ खाटेवर, डावा पाय माझ्या मांडीवर. चष्मा लावून मी बोटांच्या मधल्या जागा पाहिल्या, टाच पाहिली, भेग नाही, फोड नाही. मग डॉक्टरीणबाईंनी दाखवलेली तपासणी. शांताबाईंनी वातींच्या डब्यातून चिमूटभर कापूस दिला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी त्याचं टोक बारीक वळलं.

"डोळे मिटा," मी म्हटलं. "लागलं की सांगायचं. खरं सांगायचं, भाऊ."

त्यांनी डोळे मिटले. शांताबाई माझ्या हाताकडे पाहत होत्या. कापूस अजून अंगठ्यापासून वीतभर लांब होता.

"लागला," पुंडलिकभाऊ हसून म्हणाले. "बरोबर लागला जी."